नोंद झाली, धन्यवाद

इथे परदेशात, ब्लँचर्डस्टाउनच्या आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट मी फुकट करून दिली आणि त्याचा तोरा भरपूर मिरवला. दिवाळीच्या कार्यक्रमात गाणाऱ्यांच्या नोंदणीचं पानही मीच लिहिलं. प्रत्येक घराला वेगळी लिंक, लिंकच्या शेवटी त्या घराचा क्रमांक. माझी बायको तन्वी, तीही सॉफ्टवेअरमधलीच. म्हणाली, तो क्रमांक काढायला तयार कोड मिळतो, तो वापर. मी म्हटलं, चार ओळींचं तर काम, बरोबरीच्या चिन्हापुढे असेल तो क्रमांक. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

मंडळातल्या नंदिनीने तिची लिंक एका ॲपमधून उघडली. त्या ॲपने क्रमांकामागे स्वतःच्या अक्षरांचं शेपूट जोडलं. माझ्या कोडने शेपटासकट सगळ्यालाच क्रमांक मानलं, असं घर यादीत नाही म्हणून नोंद टाकून दिली आणि पडद्यावर मात्र 'नोंद झाली, धन्यवाद' दाखवलं. नाव होतं तिच्या वडिलांचं. दीनानाथकाका, नागपूरहून तीन महिन्यांसाठी आलेले.

कार्यक्रमात काका जाकीट घालून पहिल्या रांगेत बसले होते. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सिटीवेस्टहून कुणाची तरी मागून आणलेली पेटी पायाशी होती. ती दिसूनही मला शंका आली नाही. आम्ही खुर्च्या उचलायला लागलो तेव्हा त्यांनी विचारलं, संपलं का? मी म्हटलं, हो काका, मजा आली ना?

दुसऱ्या दिवशी ती पेटी आठवून सर्व्हरवर शोधलं, तर नंदिनीची लिंक शेपटासकट सापडली. काका परत जायला अजून चार दिवस होते, घर गाडीने दहा मिनिटांवर. मी कोड दुरुस्त केला आणि गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं तर तन्वीला कळेल याची लाज वाटत होती.

महिन्याभराने नंदिनी शॉपिंग सेंटरमध्ये भेटली. बाबा नागपूरला परत गेल्यापासून धड बोलत नाहीत, कारणही सांगत नाहीत, म्हणाली. त्यांचं गाणं वेळेअभावी राहिलं असेल, असंच ती धरून चालली होती. मग मात्र राहवलं नाही. तिच्याकडून नंबर घेऊन पार्किंगमधूनच नागपूरला फोन लावला आणि काकांना सगळं सांगून टाकलं.

"नोंद झाली, हे पोरीच्या फोनवर मी स्वतः वाचलं होतं," ते म्हणाले. "मग नाव काढलं कोणी? मला वाटलं, तिलाच बापाची लाज वाटली असेल. विमानतळावर ती पाया पडायला वाकली रे, तर मी पाय मागे घेतले."