एका पंपावर दोघं

मर्टन गाइलला गाव दोन गोष्टींसाठी ओळखायचं. एक म्हणजे बंद पडलेलं कुठलंही इंजिन तो चालू करून द्यायचा. आणि दुसरं, मार्चातल्या गावसभेत तो नुसता उठला तरी लोक आधीच हसायला लागायचे. रस्त्यावर खडी कुणाच्या दारापर्यंत टाकायची यावर सकाळपासून भांडण पेटलेलं असायचं. मर्टन उठायचा, एक वाक्य टाकायचा, की सगळं गाव हसत हसत हात वर करून मोकळं. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डोंगरातलं एवढंसं गाव. तिथं माणसाला आणखी काय मान मिळणार?

त्या उन्हाळ्यात आजारपणाच्या विमा कंपनीनं पुढच्या सालासाठी हप्त्यात मोठी वाढ मागितली. मागितली म्हणजे लगेच मिळते असं नाही. राज्याचं एक मंडळ आहे. ते कंपनीवाल्यांना समोर बसवतं आणि म्हणतं, एवढे कशाला पाहिजेत, दाखवा. त्या सुनावणीत कुणालाही बोलता येतं. नाव नोंदवायचं, तीन मिनिटं मिळतात. जायला जमत नसेल त्यानं घरून फोनवर बोलावं, तेही नको तर लेखी पाठवावं. हे सगळं लायब्ररीतल्या पर्लबाईंनी शोधून काढलं, आणि गावातनं कुणीतरी गेलंच पाहिजे म्हणून मर्टनच्या मागं लागल्या.

"मी काय बोलू तिथं? मला आकडे येत नाहीत," मर्टन म्हणाला.

"आकडे त्यांच्याकडं ढिगानं आहेत रे. तुझ्या घरात काय झालं तेवढं सांग. तेच त्यांना कुणी सांगत नाही."

मर्टनच्या घरात फार काही झालेलं नव्हतं. बायको जाऊन सात-आठ वर्षं झालेली, एकटा जीव, गुडघा तेवढा दुखायचा. हप्ता जड जायचा, पण हप्ता सगळ्यांनाच जड जात होता.

राजधानीतल्या त्या हॉलमध्ये जुलैचं ऊन खिडक्यांतून आत आलेलं. कंपनीचे लोक सकाळभर आकडे बोलले. मग माणसं उठायला लागली. जो तो हेच सांगत होता: हप्ता वाढला, झेपत नाही. एक शिक्षिका रडली. मंडळावरची माणसं चांगली होती, मान हलवत होती, पण थकलेली दिसत होती. एकजण पेनाचं टोपण काढत होता आणि लावत होता. मर्टनच्या हातात कागद होता, त्यावर गुडघा आणि हप्ता. त्याला वाटलं, हे वाचलं तर तो माणूस टोपणच लावत बसणार.

त्याचं नाव पुकारलं. तो माइकपाशी गेला, कागद खिशात घातला.

"आमच्या गावात एक जोडपं आहे," तो म्हणाला. "नवरा दगड घडवायच्या शेडमधला, बायको चर्चच्या जेवणाला बीन्स करते. दोघांनाही दमा, आणि तोंडात मारायचा औषधाचा पंप एकच. दुसरा परवडत नाही. आता त्यांचं भांडण झालं की पंचाईत. पंप मागायचा म्हणजे आधी बोलावं लागतं, आणि आधी बोलायला दोघंही तयार नाहीत. बसतात निळे पडत. शेवटी जीव वाचवायला म्हणून समेट करतात. तर बाईसाहेब, या कंपनीनं आमच्याकडचं एक लग्न टिकवलंय. तेवढ्याचे पैसे ती मागते म्हणता?"

हॉलभर हशा फुटला. पेनवाला माणूस मागं रेलून हसला. अध्यक्षीण बाईंनी तोंडावर हात धरला तरी हसू लपेना. मर्टन परत आला तो वरातीतल्या नवऱ्यासारखा, दोन्ही बाजूंनी पाठीवर थापा घेत. खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच रेडिओवाली एक पोरगी आली आणि त्याला बाहेर घेऊन गेली. नाव काय, गाव कुठलं, ते वाक्य पुन्हा एकदा म्हणाल का? त्यानं म्हटलं. दोनदा म्हटलं.

ते वाक्य मर्टनचं नव्हतं. ते आर्मंड तिबोचं होतं.

आर्मंड म्हणजे शाळेपासूनचा दोस्त. सगळी उमर ग्रॅनाइटच्या शेडमध्ये दगड घडवले, धूळ छातीत जाऊन बसली. त्याची बायको लुसिल, तिला लहानपणापासून दमा. दोघांनी सगळ्यात स्वस्तातला विमा घेतलेला. स्वस्तातला म्हणजे हप्ता भरायचा तो भरायचाच, आणि औषध वर्षभर पदरच्या पैशांनी आणायचं. वसंतात एकदा आर्मंड करवतीला धार लावायला मर्टनच्या गॅरेजात आला होता, तेव्हा म्हणाला, "आमच्यात आता एक पंप दोघांत. भांडण झालं की मागायचं कुणी, हाच प्रश्न." दोघंही हसले. आर्मंड हसता हसता खोकला, खूप वेळ खोकला. हे कुणाला सांगू नको असं तो म्हणाला नाही. म्हणावं लागेल असं त्याला वाटलंच नसणार.

मर्टन गाडी चालवत घरी येत होता तेव्हाच रेडिओवर ते लागलं. आपलाच आवाज, आणि मागं हॉलभर हसू. पहिल्यांदा ऐकताना त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, बरंच वाटलं. मग 'बीन्स करते' हे शब्द आले आणि त्यानं रेडिओ बंद केला. गावात शेडमधला माणूस आणि बीन्सवाली बायको असं घर एकच होतं. नाव घ्यायचं बाकी ठेवलं होतं एवढंच.

गावात शिरला तर डेलच्या दुकानाबाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"गाव गाजवलंस लेका."

"त्या बाईला हसवलंस म्हणे. वाढ आता कापतात का नाही बघ."

कुणी वाईट बोललं नाही. तेच वाईट होतं.

शनिवारी चर्चचं जेवण होतं. लांब टेबलावर हॅम, कोबीची कोशिंबीर, ब्राऊन ब्रेड, सगळं होतं. लुसिलचं मातीचं भांडं नव्हतं. कुणीतरी विकतच्या डब्यातले बीन्स गरम करून आणले होते आणि ते कुणी घेत नव्हतं. "बिचारी," बायका हळू आवाजात म्हणत होत्या. "आपल्याला कळलं असतं तर." बिचारी म्हटलं की माणूस संपला, हे मर्टनला ठाऊक होतं. बायको गेली तेव्हा वर्षभर तो बिचारा होता. त्याचं ताट तसंच राहिलं.

सोमवारी डेलच्या दुकानात गेला तर गल्ल्याशेजारी लोणच्याची रिकामी बरणी ठेवलेली. झाकणाला फट पाडलेली. बरणीवर आर्मंड आणि लुसिलचा फोटो, खाली जाड अक्षरात लिहिलेलं: त्यांना श्वास घेऊ द्या. फोटो कुठल्यातरी सहलीचा होता, कात्रीनं कापलेला. आर्मंडच्या खांद्यावर एक हात होता, पुढं माणूस नाही. तो हात मर्टनचा होता. रांगेतली माणसं त्याच्याकडं बघत होती, म्हणून त्यानं खिशातनं वीसची नोट काढली आणि फटीतनं आत टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आर्मंडच्या घरी गेला. आर्मंड अंगणात ओंडके फोडायच्या मशीनवर होता. मर्टनला बघितलं आणि पुढचा ओंडका लावला. मशीन बंद केली नाही. इंजिन एक ठोका चुकवत होतं, प्लग साफ करायला झालेला. एरवी मर्टननं न विचारता पाना हातात घेतला असता. आता तो हात खिशात घालून उभा राहिला.

लुसिल पायरीवर वाटाणे सोलत बसली होती. "इकडं ये मर्टन," ती म्हणाली. "तो बोलणार नाही तुझ्याशी."

मर्टन पायरीपाशी गेला. ती बस म्हणाली नाही.

"मी नाव घेतलं नव्हतं, लुसिल."

"घेतलं असतंस तर बरं झालं असतं. नाव असलं की माणूस तरी दिसतो. तू बीन्सवाली सांगितलीस."

"आर्मंडनंच मला हसत सांगितलेलं."

"आर्मंड त्याच्या आईच्या मयतालाही हसला होता. तू होतास तिथं. तो कधी हसतो हे मी तुला शिकवू?"

वाटाणे भांड्यात टपटप पडत होते.

"तुझ्यामागं माझा नंबर होता," लुसिल म्हणाली.

"कसला नंबर?"

"त्या सुनावणीत. फोनवर. पर्लबाईंनी नाव घातलं होतं माझं. याला माहीत नव्हतं. हा मासे धरायला गेलेला, मी स्वयंपाकघरात फोन कानाला लावून बसलेले, हातापायाला घाम. तुझं नाव पुकारलं तेव्हा मला धीर आला बघ. म्हटलं, आपला मर्टन आहे तिथं." तिनं पुढची शेंग उचलली. "फोनवर हसणं कसं ऐकू येतं ठाऊक आहे? पत्र्यावर गारा पडतात तसं. मग बाईंनी मला पुकारलं. लुसिल तिबो, आहात का? दोनदा पुकारलं. मी फोन ठेवून दिला."

तेव्हा मर्टन बाहेर त्या पोरीला वाक्य दुसऱ्यांदा म्हणून दाखवत होता.

"तू काय बोलणार होतीस?" त्यानं विचारलं, आणि विचारल्यावर वाटलं, हेही विचारायला नको होतं.

लुसिलनं आर्मंडकडं बघितलं. मशीनचा आवाज मोठा होता. तरी ती हळूच बोलली.

"तो पंप ओढतच नाही. तोंडाला लावतो, दाबत नाही. दाबला की फुस्स होतं ना, ते त्याच्या पाळीला होत नाही. हिवाळ्यापासून. मला वाटावं दोघं वापरतोय म्हणून. आणि मी ओळखलंय हे मी बोलत नाही, कारण बोलले तर मला निम्मा सोडावा लागेल. मी घेते रे, मर्टन. सगळा मीच घेते. हे मला कुठंतरी एकदा बोलून टाकायचं होतं, अनोळखी माणसांपुढं. आता मी पंप म्हटलं की ते आधी हसणार."

मर्टनची मान वर होईना.

"लेखी शुक्रवारपर्यंत घेतात," तो शेवटी म्हणाला. "तू सांग, मी लिहून..."

"मर्टन. माझं काहीही तू आता कुणाला सांगायचं नाहीस. लिहायचं का नाही ते माझं मी बघीन."

"मग मी करू तरी काय?"

"ती बरणी उचल. हा परवा दूध आणायला गेला होता. दूध न घेता आला."

मर्टन तिथनं तडक दुकानात गेला. सकाळची गर्दी होती, कॉफीचे पेले हातात घेऊन माणसं उभी होती. पर्लबाई पेपर घेत होत्या. मर्टननं बरणी उचलली.

"अरे, चोर," डेल म्हणाला, आणि सगळे हसले.

"ही मी घेऊन जातोय," मर्टन म्हणाला. "इथं ठेवायची नाही. ते मी सांगायला नको होतं. माझं नव्हतं ते."

हसू वाढलं. कुणीतरी म्हणालं, "आता पुढचं सांग." सगळे वाट बघत होते, शेवटचं वाक्य येईल म्हणून. गावसभेत तो असाच तोंड पाडून सुरुवात करायचा.

"मी गंमत करत नाहीये."

एकजण तर कॉफी सांडेपर्यंत हसला. मर्टनला वाटलं, जन्मभर जे कमावलं ते हेच. त्यानं बरणीचं झाकण फिरवलं, आत हात घातला, वरची वीसची नोट काढून खिशात ठेवली. नंतर फोटो नखानं उकरून काढायला लागला. गोंद निघेना, तो उकरतच राहिला. त्याच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं आणि हात अडकलेले असल्यामुळं पुसता येत नव्हतं. तेव्हा कुठं हसू थांबलं.

"दोस्तानं मला घरातलं सांगितलं," तो म्हणाला, "आणि मी त्यावर टाळ्या घेतल्या. त्यांनी तुमच्याकडं काही मागितलेलं नाही. ज्याचे त्यानं परत घ्या."

कुणी हलेना. देणं सोपं असतं, दिलेलं सगळ्यांदेखत परत उचलायला तोंड लागतं. मर्टन बरणी पुढं धरून उभा राहिला.

मग पर्लबाई पुढं आल्या. त्यांनी आपली नोट शोधली, घडी घातली, पाकिटात ठेवली. मर्टनकडं बघितलं नाही. "मी तुला तुझ्या घरातलं सांग म्हटलं होतं," एवढंच म्हणून गेल्या. त्यांच्यामागं एकेकजण आला. चर्चमध्ये दानाचं ताट फिरतं तशी बरणी, फक्त टाकायच्या जागी काढायचं. माणसं खाली बघत हात घालायची आणि दाराकडं जायची. डेलनं गल्ला उघडला, उगाच, आणि बंद केला.

दुकान रिकामं झालं तरी बरणीच्या तळाशी बरंच उरलं होतं. आलेल्यांपैकी कुणाचंच नव्हतं ते.

"कुणी टाकलेत ते मला माहीत आहे," डेल म्हणाला. "बहुतेकांचे."

"सांग," मर्टन म्हणाला.

डेल नावं सांगत गेला. वरच्या रस्त्याची दोन घरं, पुलापलीकडची विधवा, पाद्री, गवळी. प्रत्येक दार वाजवावं लागणार होतं, आणि प्रत्येक दारात उघडणारा आधी हसणार होता. मर्टननं झाकण लावलं, बरणी काखेत धरली आणि सगळ्यात जवळच्या घराकडं चालायला लागला.