विठाबाईंचा अहवाल

अनघाचा अहवाल चार मिनिटांत तयार झाला होता, आणि त्याचा तोरा तिच्या चालण्यातसुद्धा दिसत होता. समाजकार्याच्या तिच्या कॉलेजात यंदा एआयचा नवा तास सुरू झाला होता आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कार्ल्यात विठाबाईंच्या घरी जाऊन तिने भराभर टिपलं होतं: वय बहात्तर, एकटी राहते, मूलबाळ नाही, भर दुपारी चूल थंड. बाकी सगळं एआयने लिहिलं. वर सल्लाही दिला, वृद्धाश्रमात हलवावं.

सोमवारी अहवाल वडगावला, निराधार वृद्धांची सोय ठरवणाऱ्या समितीपुढे जाणार होता. समितीने मान डोलावली की विठाबाईंचं बोचकं बांधलंच म्हणायचं. पण कॉलेजातल्या यशोधरा मॅडमचा एक नियम होता: अहवाल ज्याच्याबद्दल, त्याला आधी वाचून दाखवायचा, मगच मॅडमची सही. अनघाला ही मॅडमची जुनी हौस वाटायची. तरी शनिवारी ती गेली.

विठाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या, जवळ शेजारीण बदरुन्निसा बसली होती. अनघाने खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. सदर महिला अत्यंत एकाकी असून तिला नियमित अन्न उपलब्ध नाही, वगैरे.

विठाबाईंचा हात सुपातच थांबला. डोळे भरून आले.

"कोण गं ही बाई? लय हाल हायेत बिचारीचे. कुटं ऱ्हाती? दोन भाकरी धाडते तिला."

बदरुन्निसा पदरात तोंड खुपसून हसायला लागली. अनघाचा तोरा कधीच ओटा उतरून हायवेला लागला होता. ती बाई म्हणजे तुम्हीच, हे तिने कसंबसं सांगितलं.

मग तिला शेजारी बदरुन्निसाच्या घरात नेण्यात आलं. तिथे कालवण रटरटत होतं. वीस वर्षांचा शिरस्ता होता: एक दिवस विठाबाईंची चूल, एक दिवस बदरुन्निसाची, आणि जेवण एकत्र. अनघा पहिल्यांदा टिपायला आली ती नेमकी बदरुन्निसाच्या पाळीच्या दिवशी.

"तुझ्या मशीनला म्हाईत न्हाई, ते ऱ्हाऊ दे," विठाबाई म्हणाल्या. "तू तर हितं आलतीस. मावशी, जेवलात का, येवढं तरी इचारायचं."

अनघाने विचारलं. काय हवंय, तेही विचारलं. नळाकडे उतरायच्या पायऱ्यांना कठडा हवा होता, गुडघे ऐकत नव्हते. तिने तिथेच नवा अहवाल लिहिला आणि वाचून दाखवला.

"व्हय, ही मीच," विठाबाई म्हणाल्या. "आन् ह्ये बी लिही, ह्या बदरुन्निसाचं कालवण खारट असतं."

अनघाने आधी जेवून खात्री केली, मगच लिहिलं. सही करताना मॅडमनी ती ओळ खोडली नाही.