परवान्याआधीची हाक
सदुसष्टच्या भूकंपात आमचं घर बसलं आणि माझ्या बायकोचा, राहीचा पाय तुळईखाली सापडला. तुळई हटवली, फेटा आवळून बांधला, तरी रक्त झिरपतच होतं. कोयनेच्या खोऱ्यातलं आमचं गाव. दरड कोसळून रस्ता बंद, तारा तुटलेल्या. डॉक्टरला निरोप धाडायचा तरी कसा?

वायरलेस होता माझ्याकडे, गोठ्यात ठेवलेला म्हणून वाचला. पलटणीत मी सिग्नलवर होतो. पेन्शनीत आल्यावर हौशी वायरलेसची परीक्षा दिली, मोर्ससकट पास झालो, पोलीस चौकशीही झाली. परवाना मात्र कुठल्या टेबलावर बसला होता देव जाणे. तोवर मी नुसता ऐकायचो. सांगलीत विश्रामबागला माझा पलटणीतला दोस्त धनाजी रोज सकाळी इतर हौशींशी बोलायचा. त्याच्याकडे परवाना होता.

संच मी मुद्दाम बॅटरीवरचा निवडला होता, कारण संकटात आधी जाते ती वीज. पण राहीनं ती बॅटरी दत्ताच्या सप्ताहाला, कर्ण्यासाठी देऊन टाकली होती. कर्ण्यानं ती पार संपवली. आता चिडणार तरी कुणावर?

गावात मुक्कामाची एसटी उभी होती. दिवस उजाडताच मी तिची बॅटरी सोडवायला लागलो, तर ड्रायव्हर गुंडा आडवा आला.

"सरकारी माल हाय, हवालदार. हुकमाबिगर न्हाई द्याचा."

"राही मरतीया, गुंडा!"

त्यानं समोर अंगणात निजवलेल्या राहीकडे पाहिलं आणि स्वतःच पाना उचलला.

धनाजी नेहमीच्या वेळी बोलत होता. मी या संचावर पहिल्यांदाच मोर्सची चावी दाबली. माझं नाव, गावाचं नाव, राही, रक्त, डॉक्टर. पुन्हा पुन्हा तेच. धनाजी मध्येच थांबला. त्यानं ऐकलं, हे मला पक्कं कळलं. पण उत्तर नाही. बिनपरवान्याच्या माणसाला उत्तर द्यायचं नाही, हा नियम आम्ही दोघांनी मिळून घोकला होता. नियमाचा किडा मेला! मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

"आवं, आलं का उत्तर?" राहीनं विचारलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आलं. डॉक्टर निघाल्यात. डोळं मिटू नगंस."

इतकं धडधडीत खोटं मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. ती विचारत राहिली, "कुठवर आल्यात?" मी मलकापूर सांगितलं, मग कराड, मग पाटण. पाटणनंतर सांगायला मोठं गाव उरलं नाही, तेव्हा माझा धीर सुटला.

ऊन कलताना दरडीवरून दोघं उतरले. पुढे डॉक्टर, मागे त्यांची पेटी डोक्यावर घेतलेला धनाजी. डॉक्टरांनी टाके घातले, रक्त थांबवलं. "वाचतील," म्हणाले. मग मी धनाजीची गचांडी धरली.

"ऐकलं आन् तसाच निघालो, गड्या," तो म्हणाला. "पर तुला परवाना न्हाई, माजाबी गेला आसता. वैनी, माफी करा. म्या उत्तर न्हाई दिलं."

राहीनं डोळे उघडले. "आसं कसं, भावजी? सकाळधरनं तुमच्या उत्तरावरच तर जित्ती हाय मी."

माझ्या हातून त्याची गचांडी सुटली. मी तिथंच, सगळ्यांदेखत, हमसून हमसून रडलो.