बांगड्याची राखण

“आई, इकडचं दार उघडू नका हं. रंग ओले आहेत,” स्वप्नाने बाल्कनीतून सांगितलं. रंग ओले होते हे खरंच, पण खरी अडचण तिच्यासमोरच्या ताटात बर्फावर पडली होती. अख्खा बांगडा. निशी-कसाई या जपानी उपनगरातल्या, सहाव्या मजल्यावरच्या या घरात बारा वर्षांत अंडंसुद्धा आलं नव्हतं. आणि आता मासा आला, तोही सासूबाई पुण्याहून राहायला आलेल्या असताना.

मासा खायचा नव्हताच, रंगवायचा होता. चारशे वर्षांपूर्वी बेल्जियमच्या बाजूला एक बाई जेवणाच्या टेबलांची चित्रं काढायची. त्यांवर चीज, बदाम, फुलं, मासे असं सगळं मांडलेलं असायचं. लायब्ररीतल्या एका पुस्तकात स्वप्नाला ती भेटली आणि वेडच लागलं. सकाळी बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या दुकानात डबे भरायचे आणि दुपारी तसलीच टेबलं रंगवायची, अशी आठ वर्षं मजेत गेली. यंदा पहिल्यांदाच वॉर्डाच्या प्रदर्शनात तिचं चित्र लागणार होतं. चीज झालं, शेवंती झाली. पुढच्या शनिवारपर्यंत रंग वाळायचा तर मासा आजच व्हायला हवा होता. तिचा नवरा गुणवंत सकाळी “आईला कळलं तर मी मीटिंगमध्ये आहे,” एवढंच सांगून सटकला होता.

अख्ख्या माशाची बाह्यरेषा काढून झाली, डोकं झालं, कल्ले झाले. पाठीवरची निळी-हिरवी नक्षी सुरू करायची म्हणून ती ब्रश पुसायला वळली, तेवढ्यात एक धिप्पाड कावळा कठड्यावर उतरला आणि बांगडा घेऊन गेलासुद्धा. तिच्या किंकाळीने सासूबाई, कुमुदिनीबाई, धावत आल्या. समोरच्या छतावर चाललेली मेजवानी त्यांनी पाहिली, मग चित्रातला अर्धा मासा पाहिला. स्वप्नाने सगळं कबूल केलं. सासूबाईंच्या रागापेक्षा तिला त्या अर्ध्या माशाचंच रडू येत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

कुमुदिनीबाईंनी मोबाइलवर चित्राचा फोटो काढला, चपला घातल्या आणि निघून गेल्या. आता पुण्याच्या तिकिटाची चौकशी सुरू होणार, असं धरून स्वप्नाने ब्रश धुऊन टाकले.

पाऊण तासाने त्या परतल्या. हातात सुपरमार्केटची पिशवी होती आणि हात अंगापासून होईल तितका लांब धरला होता.

“फोटो दाखवला त्या दुकानदाराला. तर सुरी घेऊन त्याचं पोटच फाडायला निघाला मेला. पिशवी नको म्हणायला तू शिकवलं होतंस ना, दाइजोबु? तेच म्हणत राहिले. शेवटी दिला अख्खा.”

“आई, तुम्ही कशाला गेलात?”

“चाळीस वर्षं गौरींपुढे फराळ मांडला मी. करंज्यांची कमळं करायचे, बघायला अख्खी आळी यायची. दुसऱ्या दिवशी सगळं खाऊन फस्त. माझ्या हातचं काही उरलं नाही.” त्यांनी पिशवी तिच्यापुढे केली. “तुझं उरणार आहे. बस आता, उजेड जाईल.”

स्वप्नाला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण त्या हात धुवायला गेल्या होत्या. तीनदा साबण लावून आल्या, बाल्कनीत खुर्ची टाकली, ओढणीचं टोक नाकाला लावलं आणि झाडू मांडीवर आडवा घेऊन कावळ्यांवर नजर ठेवून बसल्या. ताटाकडे मात्र चुकूनही बघत नव्हत्या.

स्वप्नाने पाठीचा निळा रंग धरला.

मग कुमुदिनीबाईंनी मान वळवून एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा ताटाकडे पाहिलं.

“चित्रात शेपूट जरा वर आहे गं,” त्या म्हणाल्या, आणि बोटाच्या टोकाने ताटातल्या माशाचं शेपूट स्वतःच सारखं केलं.