बांगड्या भरणारी जुबेदा

सन छत्तीसची गोष्ट. धुळ्याच्या एका अंधाश्रमात प्रमिलाबाई शिक्षिका म्हणून आल्या, त्याच महिन्यात आश्रमाचे अध्यक्ष तोताराम शेठ यांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. आश्रमातल्या मुलामुलींना शेठच्या घरी जेवायला नेलं.

आधी पाहुण्यांच्या पंगती उठल्या. मग रांगेत बसवलेल्या अंध मुलांना उरलंसुरलं वाढलं. वरणाला आंबूस वास येत होता. "डोक्यावरून हात फिरवा, पुण्य लागतं," शेठ पाहुण्यांना सांगत होते. एक पाहुणा हात धुवायला निघाला होता. जाता जाता त्याने तुपाने माखलेली बोटं रांगेतल्या निंबा नावाच्या मुलाच्या सदऱ्याला पुसली.

"कोण आहे?" निंबाने विचारलं.

पाहुणा हसला. शेठही हसले. प्रमिलाबाईंनी आपलं पान तसंच सारलं आणि त्या उठल्या.

आश्रमात मुलं सुतळी वळत आणि भजनं म्हणत. दुसरं काही शिकवायचं कोणाला सुचलंच नव्हतं. प्रमिलाबाईंनी एकेकाला जवळ बसवून विचारलं, "तुला काय काम करावंसं वाटतं?" निंबा हळूच म्हणाला, "घोड्यांजवळ राहावंसं वाटतं." सतरा वर्षांची जुबेदा म्हणाली, "बाई, मला चार बायकांत बसून करायचं काम पाहिजे. सुतळीशी काय बोलू?"

प्रमिलाबाई दोघांना घेऊन बाजारात जाऊ लागल्या. सत्तार टांगेवाल्याने निंबाच्या हाती घोड्याचं अंग घासायचा खरारा दिला. घोडा शांत उभा राहिला आणि निंबा दिवसभर आनंदात होता. जुबेदा आधी शिवणकामाच्या दुकानात बसली. तिला ते रुचलं नाही. मग तिला बांगड्या भरणाऱ्या खातूनबी मणियारणीकडे नेलं. गिऱ्हाइकाचा पंजा कसा दाबायचा, अंगठ्याचं हाड कसं आत घ्यायचं, हे खातूनबीने तिचे हात धरून दाखवलं. पहिल्या दिवशी बांगड्या फुटल्या, जुबेदाचं बोटही कापलं.

"उद्या यायचं का?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"उद्या लवकर यायचं," जुबेदा म्हणाली.

महिनाभरात बायका तिच्यापुढे हात करू लागल्या. "पोर आंधळी शे, पण तिना हात मऊ शे," एक म्हातारी म्हणाली.

शेठना हे कळलं. ते आश्रमात येऊन प्रमिलाबाईंना म्हणाले, "सवाष्णींनी आंधळीच्या हातून बांगड्या भरायच्या? अवलक्षण आहे. आणि मुंबईचे देणगीदार येणार आहेत. रांग भरलेली दिसली पाहिजे."

"रांग भरायला ही काय मडकी आहेत?" प्रमिलाबाई म्हणाल्या. शेठच्या तोंडातल्या विड्याचा वास त्यांना सोसवेना.

जुबेदा दारातच उभी होती. "शेठजी, मी बाजारात जाणार," ती म्हणाली.

"मग इथं झोपायला यायचं नाही."

त्या संध्याकाळी खातूनबीने तिला आपल्या घरी नेलं. प्रमिलाबाईंनाही आश्रम सोडावा लागला. त्या जळगावला मुलींच्या शाळेत लागल्या. निंबाला न्यायला सत्तार तयार होता. पण निंबाच्या बापाने नाही म्हटलं. घोड्याने लाथ मारली तर काय, आश्रमात निदान दोन वेळचं मिळतं, असं त्याचं म्हणणं होतं. जुबेदाची जागा भरायला शेठनी पहूरहून एक आंधळी मुलगी आणवली.

तीन वर्षांनी जळगावजवळच्या नशिराबादच्या बाजारात प्रमिलाबाईंना गावोगाव बांगड्या भरत फिरणारी जुबेदा भेटली. भोवती बायकांचा गराडा होता आणि ती सगळ्यांशी एकदम बोलत होती. प्रमिलाबाईंनी न बोलता हात पुढे केला. जुबेदाने पंजा चाचपला, दोन बांगड्या चढवल्या. मग प्रमिलाबाईंचा "कशी आहेस?" हा आवाज ऐकताच तिने तो हात दोन्ही हातांत धरला.

बराच वेळ बोलून झाल्यावर तिने विचारलं, "बाई, निंबा?"

"तिथेच आहे, असं कळलं. परवा शेठच्या नातवाच्या बारशाला बसवला होता रांगेत."

जुबेदा बाजूला वळून थुंकली. मग पदराला हात पुसून तिने पुढची बांगडी उचलली.