फेरतपासणी

आमच्या सहीशिवाय या शहरात एकही लिफ्ट कायद्याने वर जात नाही. ऐकायला भारी वाटतं. लिफ्ट आणि सरकते जिने तपासणारे आम्ही पूर्वी पाच जण होतो. मग वरून परिपत्रक आलं, तपासणीचा खर्च तपासणीच्या फीमधूनच निघाला पाहिजे. फी दुप्पट झाली, पाचाचे दोन झाले आणि प्रत्येकाच्या माथी दिवसाला नऊ लिफ्ट आल्या. आमचं खातं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं मोठे साहेब म्हणायचे. त्यांनी मसाला कमी केला.

दिवसात नऊ लिफ्ट नीट तपासून होतच नाहीत. त्यावर आम्ही दोघांनी तोड काढली होती, ओळखीची इमारत बसून तपासायची. म्हणजे वर मशीनच्या खोलीत जायचं नाही, खाली खड्ड्यात उतरायचं नाही. चहा घेता घेता फॉर्म भरायचा आणि वाचलेला तास कुठल्यातरी अनोळखी, जुनाट लिफ्टला द्यायचा. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. उलट मी स्वतःला प्रामाणिकच समजायचो.

माझी सगळ्यात ओळखीची इमारत थोरल्या बहिणीची. ताई सहाव्या मजल्यावर राहते. मागच्या वर्षी तिच्याच सोफ्यावर बसून मी सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा केल्या. भावजी म्हणाले, "न बघताच पास? आमच्या लग्नात मलाही तुम्ही घरच्यांनी असंच पास केलं होतंत." आम्ही पोट धरधरून हसलो.

त्यानंतर भावजींच्या किडन्या गेल्या. व्हीलचेअर आली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस आलं. त्यांचा जीव आता या लिफ्टवर आहे म्हणून यंदा मी ती मनापासून तपासली. हीच माझी अक्कल. दोर तुटला तर डब्याला जागच्या जागी पकडणारे लोखंडी जबडे असतात. चाचणीत त्यांनी डबा पकडलाच नाही, तो दीड मजला घसरत खाली आला. जबडे गंजून गेले होते आणि तो गंज एका वर्षाचा नव्हता. मागच्या वर्षी दिसला असता, तर घासपूस आणि तेलावर भागलं असतं. मी मुख्य बटण बंद केलं, त्यात तार ओवली आणि सील ठोकलं.

इमारतीतल्या लोकांनी वर्गणी काढून तीन आठवड्यांत नवे जबडे बसवून घेतले. बाकी राहिली फक्त फेरतपासणी. तिची वेगळी फी, वेगळा अर्ज, वेगळी रांग. आमचा नंबर दोनशे चौदा, फेरतपासण्या दिवसाला दोनच, म्हणजे चार महिने.

मी मोठ्या साहेबांकडे गेलो. "साहेब, एवढी एक पुढे घ्या. माणूस जाईल हो."

त्यांनी कपाट उघडून रांगेतल्या इतरांच्या अशाच विनवण्यांच्या पत्रांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला. "यातलं तुझ्या माणसापेक्षा बरं कोण आहे ते शोध. त्याला मागे टाकतो."

मी सात पत्रं वाचली आणि गठ्ठा परत ठेवला. साहेबांना शिव्या देण्याची सोयही राहिली नाही.

सुरुवातीला शेजारी भावजींना खुर्चीसकट उचलून खाली न्यायचे. मग एकाची कंबर धरली, दुसऱ्याची पाळी बदलली, तिसरा दार उघडेनासा झाला. त्यांना तरी काय बोलणार? डायलिसिसची पहिली खेप चुकली, मग दुसरी. तिसऱ्या खेपेच्या दिवशी सकाळी मी गेलो, तर ताई पक्कड घेऊन दारातच उभी.

"चल, सील तोड. काम चांगलं झालंय, तूच म्हणालास ना?"

"दिसतंय चांगलं. पण न तपासता चालू कशी करू, ताई?"

"मागच्या वर्षी केलीस की."

चाचणी एकट्याने होत नाही हे खरं. पण सील तोडलं की नोकरी गेली, हे त्याहून खरं, आणि मी त्यालाच भ्यालो होतो. ताईला ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं. लहानपणापासून तिला दिसतं.

"अगं, त्याला कशाला बोलतेस?" आतून भावजींचा आवाज आला. मी आत गेलो. त्यांचा चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते, दोन शब्दांमध्ये धाप लागत होती. "आज राहू दे. तू जा कामावर."

"भावजी, मी कुणाला तरी बोलावतो. दोघं-तिघं मिळाले की..."

"नको रे. नोकरी सांभाळ." त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "माझ्यामागे हिला बघायला कुणीतरी कमावतं पाहिजे."

मी मान हलवली. सहा मजले उतरलो, आणि खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. फेरतपासणीला अजून सत्तावन्न दिवस होते. डायलिसिसशिवाय डॉक्टरांनी दहासुद्धा दिले नव्हते.