थरथर

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला तिची रूममेट मेडिकल सोडून घरी गेली, आणि होस्टेलच्या त्या खोलीत दुसरं कुणी आलंच नाही. परीक्षेनंतर सगळ्या बॅचने पहिल्यांदा दारू घेतली, तेव्हा हिनेही घेतली होती. बाकीच्यांचं तेवढ्यावर भागलं. ही मात्र रविवारी दुपारी दार लावून एकटीच बसू लागली, मग रोजच. आईचा फोन आला की "अभ्यास करतेय" म्हणून ठेवून द्यायची. बॅचमध्ये तिला सगळे 'मुकी' म्हणायचे. मुकीचं काय बिनसलंय, हे विचारायला कुणाला उसंत नव्हती.

त्या सकाळी वॉर्डात तिच्या वाट्याला सात नंबरची खाट आली. तिथे एक वेल्डर होता, दारूने लिव्हर पार खराब झालेला. सर बाकीच्यांना घेऊन पलीकडच्या खाटेपाशी उभे होते.

"काका, हात असे पुढे करा. बोटं फाकवून," ती म्हणाली आणि कसं ते दाखवायला तिने स्वतःचे हात पुढे केले.

काकांचे हात थरथरत होते. पण काका बघत होते तिच्या हातांकडे.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "आज सकाळची राहिली वाटतं."

तिने हात एप्रनच्या खिशात कोंबले. "चहा झाला नाही अजून."

"मीपण बायकोला हेच सांगायचो." आवाजात ना टोमणा होता, ना उपदेश. "वीस वर्षं सांगितलं. मग तिने विचारायचं सोडलं. मला वाटलं, सुटलो."

राउंड संपला, सगळे कॅन्टीनला गेले. ती सिस्टरांच्या टेबलापाशी घुटमळत राहिली.

"कुठल्या पेशंटचं काय?" सिस्टरांनी मान वर न करता विचारलं.

"पेशंटचं नाही. माझंच आहे."

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं आणि स्टूल तिच्याकडे सरकवलं.

तिचं ते सत्र बुडालं. उपचार सुरू झाले; मध्येच एकदा घसरली, पुन्हा उपचारांना गेली. बॅच पुढे निघून गेली. घरी तिनेच फोन करून सगळं सांगितलं. आई म्हणाली, "मी निघते."

"रजा मिळेल का तुला?"

"ते माझं मी बघते. कुठे उतरायचं, तेवढं सांग."

तीन वर्षांत आई तिथे एकदाही आली नव्हती.